स्पिरिटातल्या विषाची हकीकत

श्रोतेहो, नाणेघाटाच्या माथ्यावरचा दगडी रांजण आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतल्या शाळांच्या सहली तिथे जातातच. कोकणातून घाट चढून आलेल्या व्यापाऱ्याने जकातीचे नाणे त्या रांजणात टाकावे आणि मग जुन्नरच्या पेठेची वाट धरावी, अशी रीत होती असे परंपरेने सांगतात. जिथे माल तिथे राजाचा हात, ही गोष्ट सातवाहनांइतकी जुनी आहे. दारूच्या बाबतीत तर कौटिल्याने आपल्या अर्थशास्त्रात सुराध्यक्ष नावाचा एक स्वतंत्र अधिकारीच सांगून ठेवला आहे.

आज मी सांगणार आहे ती हकीकत दारूतल्या आणि औषधातल्या विषाची आहे. पण ती सुरू होते जकातीपासून. दारूत विष कोणी घातले, केव्हा घातले, कशासाठी घातले, असे विचारीत मागे मागे गेलो, तर वाट आधी जाते अबकारी खात्याच्या कचेरीत. हातभट्टी त्या वाटेवर फार पुढे लागते.

आपल्या प्रांतापुरते बोलायचे तर १८७८ चा मुंबई अबकारी कायदा हा मोठा फेरबदल. त्याआधी ताडी काढणे, मोहाची दारू गाळणे हे गावोगाव, पाड्यापाड्यांवर चाले. या कायद्याने सरकारने तो सगळा व्यवहार मुठीत घेतला. गावातल्या भट्ट्या बंद, गाळणे ठराविक मोठ्या कारखान्यांत, विकणे मक्तेदाराने. मोहाच्या दारूचे मोठे कारखाने उरणला उभे राहिले. १८९२ साली तर नुसती मोहाची फुले गोळा करण्यावर आणि बाळगण्यावर बंधने घालणारा कायदा झाला. झाड आपल्या रानातले, फूल आपोआप खाली पडलेले, आणि ते उचलायला परवाना! ठाणे-कुलाब्याकडच्या आदिवासींना हे कसे वाटले असेल याची कल्पना आपण करावी. सरकारी तिजोरीत मात्र भर पडत गेली. पुणे शहरात दारूची दुकाने वाढत चालली, तेव्हा नगरपालिकेचे सभासद असलेल्या जोतीराव फुल्यांनी १८८० साली त्याविरुद्ध लेखी हरकत घेतली होती. दुकानाचे उत्पन्न सरकारला आणि संसाराची धूळधाण रयतेची, हे त्यांनी त्या वेळीच ओळखले होते.

आता इथे एक अडचण उभी राहते. दारूतला जो मुख्य अर्क, ज्याला आपण मद्यार्क म्हणतो, तो नुसता पिण्याच्या कामाचा नाही. लाख त्यात विरघळते, म्हणून सुताराला पॉलिशसाठी तो हवा. औषधी मुळ्यांचा आणि पानांचा गुण त्यात उतरतो, म्हणून औषध करणाराला तो हवा. दिव्याला हवा, प्रयोगशाळेला हवा, रंगवाल्याला हवा. पाण्यात जे विरघळत नाही ते त्यात विरघळते, ही त्याची खरी किंमत. पण पिण्याच्या दारूवर जबर कर. तोच कर कारखानदारानेही भरावा तर धंदाच बसतो. कर माफ करावा तर कारखान्याचे म्हणून घेतील आणि पिऊन टाकतील!

यावर विलायत सरकारने १८५५ साली तोड काढली. कारखान्याला मद्यार्क करमाफ द्यायचा, पण त्यात दहाव्या हिश्शाने लाकडाचे स्पिरिट मिसळून द्यायचा. लाकूड बंद भांड्यात तापवले म्हणजे कोळसा मागे राहतो आणि जी वाफ निघते ती थंड केली की त्यात हे स्पिरिट सापडते. रॉबर्ट बॉइलने ते १६६१ साली पाहिले होते. द्युमा आणि पेलिगो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी १८३४ साली त्याची घडण उलगडली. हेच मिथाइल अल्कोहोल, म्हणजे हल्ली वर्तमानपत्रांत ज्याला मिथेनॉल म्हणतात ते. त्या काळी त्याला इतका उग्र दर्प आणि अशी घाणेरडी चव असे की मिसळलेले स्पिरिट कोणी तोंडाला लावणार नाही, हा सरकारचा हिशेब. हिंदुस्थानात त्यात पुढे पिरिडीन आणि रबरापासून काढलेले दुर्गंधी तेलही घालू लागले. दुकानातले मेथिलेटेड किंवा डीनेचर्ड स्पिरिट म्हणतात ते हेच.

इथे शिक्षक मंडळींनी जरा थांबून पाहावे. राज्याने आपणहून, कायद्याने, एका द्रवात विष घातले. ते कोणाला मारण्यासाठी नव्हे, कर बुडू नये म्हणून. आणि त्या विषापासून माणसाला वाचवायला एकच पहारेकरी ठेवला. तो म्हणजे माणसाचे नाक.

तो पहारेकरी फार दिवस टिकला नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत लाकडाचे स्पिरिट शुद्ध करण्याची युक्ती निघाली. दर्प गेला, चव गेली, पाण्यासारखे स्वच्छ द्रव हाती आले. लोक म्हणाले, घाण गेली म्हणजे विष गेले. डॉक्टरांतही तसे समजणारे होते. अत्तरात, मालिशच्या तेलात, स्वस्त औषधी अर्कांत ते शिरले. मग माणसे आंधळी होऊ लागली. केसी वुड आणि फ्रँक बुलर या दोघा नेत्रवैद्यांनी मृत्यूची आणि अंधत्वाची उदाहरणे गोळा करून १९०४ साली अमेरिकेच्या वैद्यकीय नियतकालिकात छापली, तेव्हा कुठे उलगडा झाला. विष दर्पात नव्हतेच, ते मूळ द्रवातच होते. दर्प हा बिचारा इशारा होता, तो आपण पुसून टाकला. पुढे १९२३ साली जर्मनीत कोळशाच्या वायूपासून मिथाइल अल्कोहोल करण्याचा कारखाना चालू झाला. आता लाकूडही नको. पाहिजे तितके करा, अगदी शुद्ध करा, अगदी स्वस्त करा.

आपल्याकडे एक समजूत अजून आहे. झाकणात थोडी दारू घ्यावी, काडी लावावी, निळी ज्योत दिसली की माल चोख. श्रोतेहो, मिथाइल अल्कोहोलचीही ज्योत निळीच असते, उलट अधिक फिकी. चव घेऊन पाहावी तर तीही साध्या मद्यार्काच्या इतकी जवळची की फरक कळत नाही. पिऊन पाहावे तर आधी नशाही तशीच येते. नाक, जीभ, डोळे आणि आगपेटी हे चारही साक्षीदार खोटे पडतात.

हे विष शरीरात करते काय, तेही समजून घेऊ. मिथाइल अल्कोहोल तसेच राहिले तर फारसे बिघडले नसते. पण आपले यकृत त्याचे आधी फॉर्माल्डिहाइड करते आणि त्याचे पुढे फॉर्मिक आम्ल. फॉर्मिक म्हणजे मुंगीचे. लॅटिन भाषेत मुंगीला फॉर्मिका म्हणतात. जॉन रे नावाच्या इंग्रज निसर्गशास्त्रज्ञाने १६७१ साली मुंग्यांपासून निघणाऱ्या या आम्लाची नोंद केली. वारूळवाडी हे नावच ज्या गावाने घेतले आहे, त्या गावाला मुंगीच्या चाव्याची आग वेगळी सांगायला नको. तेच आम्ल रक्तात साचू लागते. रक्त आंबते, श्वास जोरजोराने चालू लागतो, आणि डोळ्यांमागची जी नाजूक नस ती पहिली जळते. पण या सगळ्याला बारा तास, चोवीस तास, कधी त्याहून अधिक वेळ लागतो, आणि साधी दारू बरोबर प्यालेली असली तर आणखीच उशीर होतो. रात्री प्यालेला माणूस सकाळी उठतो, डोके दुखते, मळमळते. घरचे म्हणतात, जास्त झाली असेल, ताक दे, झोपू दे. तिथेच घात होतो. सुमारे दहा मिलिलिटर, म्हणजे दोन चहाचे चमचे, एवढ्याने दृष्टी गेल्याची उदाहरणे वैद्यकाच्या पुस्तकांत आहेत. तीस मिलिलिटर जिवावर बेतू शकते.

आता पुन्हा आपल्या मुलखाकडे येऊ. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला आणि १९५० साली मुंबई राज्यात संपूर्ण दारूबंदी लागू झाली. मोरारजीभाई देसाई त्या वेळी गृहमंत्री होते. हेतू थोर होता, त्यामागे गांधीजींची शिकवण होती, आणि बायाबापड्यांचा आशीर्वादही होता. पण लगेच प्रश्न आला औषधांचा. टिंक्चर म्हणजे काय? औषधी द्रव्य मद्यार्कात मुरवून काढलेला अर्क. मग टिंक्चरची बाटली बाळगणे हा गुन्हा? अत्तर बाळगणे हा गुन्हा? बालसारा नावाचे एक गृहस्थ हा वाद न्यायालयात घेऊन गेले आणि १९५१ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला. दारूबंदी वैध, पण मद्यार्क असलेली औषधे आणि प्रसाधने यांच्यावर सरसकट बंदी घालता येणार नाही. निर्णय न्यायाचा होता. व्यवहारात मात्र आल्याचे टिंक्चर, फ्रेंच पॉलिश, असल्या बाटल्यांकडे पिणाऱ्यांची नजर वळली. औषधी आणि प्रसाधनी मालावरच्या कराचा वेगळा कायदा १९५५ साली झाला, त्याला ही पार्श्वभूमी आहे.

या बाबतीत अमेरिका आपल्या आधी ठेचाळली होती. तिथल्या दारूबंदीत सरकारने १९२७ च्या सुमारास कारखान्याच्या स्पिरिटातले विष मुद्दाम वाढवले. तरी लोक प्यायले आणि मेले. न्यूयॉर्क शहराचे मुख्य वैद्यकीय तपासनीस चार्ल्स नॉरिस यांनी सरकारला उघड दोष दिला, की लोक पिणार हे ठाऊक असताना तुम्ही विष घालता. आणि १९३० साली तर आल्याच्या अर्काचेच प्रकरण झाले. जमैकाचे आले म्हणून औषधाच्या दुकानात मिळणारा अर्क लोक दारू म्हणून पीत. तपासणीत पकडले जाऊ नये म्हणून एका कारखानदाराने त्यात एक तेलकट रसायन मिसळले, जे खरे तर लाखेच्या आणि प्लास्टिकच्या कामाचे. ते बिनविषारी आहे असा त्याचा समज होता. हजारो गोरगरिबांचे पाय लुळे पडले. पुष्कळांचे ते जन्मभर सुधारले नाहीत.

आपल्याकडे हातभट्टीचे राज्य झाले. काळा गूळ, नवसागर, डबे, पिंपे, नदीकाठची झुडपे. हे चित्र जुन्या पिढीने पाहिलेले आहे. हातभट्टीची दारू चांगली असते असे मला मुळीच म्हणायचे नाही. तिने यकृते गेली, शेते गेली, संसार गेले. पण एक गोष्ट नीट लक्षात घेतली पाहिजे. एका रात्रीत पन्नास-शंभर माणसे मरतात, ती बहुधा भट्टीत चुकले म्हणून मरत नाहीत. गुळाच्या आंबवणात मिथाइल अल्कोहोल तयार होते ते अगदी किरकोळ. शंभर माणसे मारण्याइतके विष भट्टीत होत नाही. ते कारखान्यातून येते, पिंपात भरून.

ते येते कसे? भट्टी लावायची म्हणजे आठ-आठ दिवस आंबवण जपायचे, धूर निघतो, वास सुटतो, पोलिस येतात. पिंपाला ना धूर ना वास. कारखान्यातून चोरलेले किंवा खोट्या कागदांवर घेतलेले द्रव आणायचे, पाणी घालायचे, पिशव्या भरायच्या. विकणाराला ते साधे स्पिरिट वाटते, किंवा वाटल्याचे तो दाखवतो. त्याच्याही हातात त्या आगपेटीपलीकडे परीक्षा नाही. मुंबईत विक्रोळीला २००४ च्या डिसेंबरात असेच झाले, ऐंशीहून अधिक माणसे गेली. मालाडच्या मालवणीत २०१५ च्या जूनमध्ये शंभराहून अधिक गेली. ती सगळी मोलमजुरी करणारी माणसे, लक्ष्मीनगरच्या आणि आसपासच्या झोपड्यांतली. मिथेनॉल बाहेरच्या राज्यातून आले होते. मालवणीच्या खटल्यात २०२४ साली सत्र न्यायालयाने चौघांना दोषी ठरवले आणि दहा जण सुटले. गुजरातेत बोटाद आणि अहमदाबाद जिल्ह्यांत २०२२ च्या जुलैत पुन्हा तेच; चाळीसच्या वर मृत्यू. तिथे तर दारूबंदी पहिल्यापासून आजतागायत आहे.

वारूळवाडीच्या ओसरीवर बसून हे ऐकताना वाटेल, ही सगळी मुंबईची गोष्ट, आपल्याला काय त्याचे? पण पुणे-नाशिकचा रस्ता आपल्या दारावरून जातो. चाकणचा कारखानदारी पट्टा फार दूर नाही. रंग पातळ करायचे थिनर, सुताराचे स्पिरिट, यंत्र पुसायचे द्रव, हे सगळे आता तालुक्याच्या पेठेत मिळते. त्यात नेमके काय आहे ते प्रत्येक वेळी वेगळे असू शकते, कारण ते पिण्यासाठी केलेलेच नसते. लाकडावरचा रंग नीट वाळला म्हणजे त्याचे काम झाले. आणि रिकामी निळी पिंपे तर गावोगाव पाणी साठवायला विकत घेतली जातात. त्यांत आधी काय होते हे विकणाराला विचारून खरे उत्तर मिळेलच असे नाही. पिंपावरचा मजकूर घासून काढलेला असेल तर ते पाण्याला घेऊच नये.

याच ओघात औषधाकडे वळले पाहिजे, कारण ज्या चुकीने दारूत विष आले त्याच चुकीने ते औषधातही आले.

आंबेगाव-जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यात हिरडा होतो. महादेव कोळी कुटुंबे तो वेचतात, वाळवतात, विकतात. त्या डोंगरी गावांचे ते एक मोठे पीकच. या हिरड्याचे वैद्य लोक काय करतात? काढा करतात, म्हणजे गुण पाण्यात उतरवतात. नाहीतर अभयारिष्ट करतात. अभया हे हिरड्याचेच संस्कृत नाव. अरिष्टात बाहेरून मद्यार्क घालीत नाहीत. काढ्यात गूळ घालून मुरवतात, आणि आतल्या आत जो थोडासा मद्यार्क होतो तोच गुण धरून ठेवतो. जुन्या वैद्यकाची द्रावके म्हणजे पाणी, तेल, तूप, मध आणि हा आपोआप झालेला सौम्य मद्यार्क. यातले एकही पिंपातून येत नव्हते. घरचे तूप बिघडले तर ते नाकाला कळते.

नव्या वैद्यकात गोळ्या आल्या, पाझरणारी औषधे आली, आणि ज्यात औषध विरघळवायचे ते द्रव कारखान्यातून येऊ लागले. १९३७ साली अमेरिकेत सल्फा औषध मुलांना देता यावे म्हणून एका कंपनीच्या रसायनज्ञाने ते डायएथिलीन ग्लायकॉल नावाच्या द्रवात विरघळवले. चवीला गोड, दिसायला सरबतासारखे. औषध चांगले होते, द्रव विषारी होते. ते मूत्रपिंडे बंद पाडते. १०५ माणसे गेली, त्यांत पुष्कळ मुले. त्यानंतर १९३८ साली अमेरिकेने नवा कायदा केला, की औषध विकण्यापूर्वी ते सुरक्षित असल्याचे दाखवलेच पाहिजे. आपल्याकडेही कर्नल चोप्रा यांच्या समितीने १९३०-३१ साली बाजारातल्या औषधांची चौकशी केली होती, आणि १९४० साली औषधांचा कायदा झाला.

कायदा झाला म्हणून पिंप थांबले नाही. १९८६ च्या जानेवारी-फेब्रुवारीत मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १४ रोगी दगावले. मेंदूतला किंवा डोळ्यातला दाब उतरावा म्हणून त्यांना ग्लिसरीन पाजले होते. ग्लिसरीन हे निरुपद्रवी औषध. पण पुरवठा झालेल्या मालात तेच डायएथिलीन ग्लायकॉल होते. कारखान्याच्या कामाचा माल रुग्णालयाच्या कपाटात पोचला होता. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने दीड वर्षाच्या आसपास चौकशी केली आणि १९८७ च्या अखेरीस अहवाल दिला. खरेदी करणारे, तपासणारे, परवाना देणारे, कोणालाही त्यांनी पाठीशी घातले नाही. राज्याच्या आरोग्यमंत्र्यांना राजीनामा द्यावा लागला. थोडी पावले चालून प्रयोगशाळेत बाटली नेली असती तर कळले असते, असे आपण म्हणतो. पण सरकारी कामात ती पावले कोणी टाकायची हेच ठरलेले नसते.

आणि हे जुने झाले असेही नाही. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याचे औषध प्यालेली वीसहून अधिक लहान मुले मूत्रपिंडे बंद पडून गेली. त्यांतल्या पुष्कळांना उपचारासाठी आपल्या नागपूरला आणले होते. तामिळनाडूत तयार झालेल्या त्या औषधात डायएथिलीन ग्लायकॉल निम्म्याच्या जवळपास निघाले. १९३७ साली जे द्रव होते तेच.

आता जिथे परवाना आहे, तपासनीस आहे, प्रयोगशाळा आहे, तिथे ही दशा. मग घरातल्या स्वयंपाकघरात काय होईल? हा प्रश्न मी उगाच काढीत नाही. अलीकडे काही तरुण मुले कुठून तरी ऐकून, पाहून, औषधाच्या गोळ्यांतून किंवा पाल्यातून नशेचा अर्क घरीच काढू पाहतात. त्यासाठी हाताला येईल ते द्रव घेतात. थिनर, पेट्रोल, स्पिरिट. त्यांचा समज असा की द्रव शेवटी उडून जाते आणि मागे शुद्ध माल राहतो. हा समज त्या शुद्ध केलेल्या लाकडाच्या स्पिरिटाच्या समजाचाच भाऊ आहे. उडते ते उडते. पण बाजारी द्रवात जे न उडणारे असते, म्हणजे तेलकट अंश, रंगातली द्रव्ये, पिंपाचा गंज, आधीच्या मालाचा गाळ, ते सगळे मागे राहते आणि थोडक्या जागेत दाट होऊन बसते. शंभर भागांत जे एक भाग होते ते आता चमचाभर अर्कात सगळेच्या सगळे. रशियात २०१० च्या सुमारास कोडीनच्या गोळ्यांपासून घरी काढलेल्या एका नशेने असाच धुमाकूळ घातला. लोकांनी तिला मगरीचे नाव दिले, कारण टोचून घेतलेल्या जागेची कातडी हिरवी-काळी पडून सडत असे. सडवणारी होती ती मुख्यतः अर्कात उरलेली घाण.

आणि आग वेगळीच. पेट्रोलची, थिनरची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर जात नाही, जमिनीवरून पाण्यासारखी पसरते, उंबरा ओलांडते, आणि पलीकडच्या खोलीतल्या चुलीला, शेगडीला किंवा देवापुढच्या निरांजनाला जाऊन भेटते. भडका मागे धावत येतो तो भांड्यापर्यंत. वास येत नाही म्हणून वाफ नाही असे नव्हे; थोड्या वेळात नाक त्या वासाला सरावते. शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या गुरुजींनी बाष्पीभवनाचा धडा घेताना हे एवढे तरी सांगावे. मुलांना ‘करू नका’ म्हटले की ती ऐकतातच असे नाही. का होते ते समजले तर निदान ऐकून घेतात.

राहता राहिला उपचार. मिथाइल अल्कोहोलला उतारा आहे, ही गोष्ट खेड्यापाड्यांत फार थोड्यांना ठाऊक आहे. यकृत ज्या साधनाने त्या द्रवाचे आम्ल करते तेच साधन दुसऱ्या कामात गुंतवून ठेवायचे, ही त्यामागची युक्ती. रुग्णालयात त्यासाठी मोजून मापून साधा मद्यार्क देतात, किंवा फोमेपिझोल नावाचे औषध असेल तर ते. रक्तातले आम्ल उतरवायला सोडा शिरेतून देतात, आणि डायलिसिसच्या यंत्राने विष धुऊन काढतात. हे घरी करायचे काम नव्हे. उतारा म्हणून वर आणखी दारू पाजणे हा तर वेडेपणा आहे, कारण दुसऱ्या बाटलीत काय आहे तेही आपल्याला माहीत नसते.

घरच्यांनी ओळखायच्या खुणा थोड्या आहेत. पिऊन झाल्यावर अर्धा-एक दिवस गेला आणि पोटात कळा, उलट्या, दम लागल्यासारखा श्वास सुरू झाला, किंवा माणूस म्हणू लागला की डोळ्यांपुढे धुके आहे, सगळे पांढरे पांढरे दिसते आहे, तर एक क्षण घालवू नये. प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे, आणि तिथून पुढे डायलिसिसची सोय असलेल्या मोठ्या रुग्णालयात. डॉक्टरांपासून काही लपवू नये. पुष्कळ घरांत पोलिसांच्या आणि अब्रूच्या भयाने ‘जेवणातून बाधले’ असे सांगतात, आणि डॉक्टर अजीर्णाचे औषध देतात. बाटली, पिशवी, उरलेला घोट, जे असेल ते बरोबर न्यावे. त्याच्याबरोबर आणखी कोण कोण बसले होते तेही तिथेच विचारावे. त्याच पिंपातले पिऊन जो आपल्या घरी स्वस्थ झोपला आहे त्याला अजून काहीच होत नसते. त्याचे दार ठोठवायला तेव्हाच माणूस पाठवावा.